आषाढातली गंजी

१७ ऑगस्ट १९७८, आर्वी

टपाल कचेरीतला गोंद पुन्हा वाळलेला. ज्या राष्ट्राला पाकीट चिकटवता येत नाही, त्याने अणुस्फोट करून काय साधलं, हे खिडकीतल्या बाबूला विचारणार होतो — तो जेवायला गेला होता. शेवटी घरी येऊन भाताच्या शितांनी पाकीट बंद केलं. बायको, नलू, म्हणाली, "काही शितं पोटालेही ठेवा."

पाकिटात रहस्यकथेचं पहिलं प्रकरण. वर्ध्याच्या साप्ताहिकासाठी रूपराव आणि मी मिळून लिहितोय. एकाच शाळेत मी मराठी शिकवतो, तो गणित. एका आठवड्याला माझा इन्स्पेक्टर 'मी' म्हणून बोलणार, पुढच्या आठवड्याला त्याचा चौकीदार कवडू. छापलेलं कोणी फिरवायचं नाही, एवढाच करार.

२० ऑगस्ट

छापून आलं. आषाढाची झड, जिनिंगचं आवार, उघड्यावर कापसाची पांढरीशुभ्र गंजी — आणि तीत दिवाणजीचं प्रेत! नागपूरच्या प्रकाशकाचा निरोप: इन्स्पेक्टर आवडला, त्याच्या दहा कादंबऱ्या द्या.

दिवसभर स्वतःशी आदराने वागलो.

२१ ऑगस्ट

एसटी डेपोच्या कॅन्टीनमध्ये किसनराव. घरची कपाशी.

"गुरुजी, आखाडात गंजी? तेबी उघड्यावर? तुमच्या वावरात पिकते काय?"

अख्खं कॅन्टीन हसलं. उन्हाळ्यातच कापूस संपतो, जिनिंगला कुलूप लागतं. जन्म इथे गेला आणि लिहिताना हे सुचलं नाही. दहा वर्षं सदरातून या तालुक्याची टर उडवतोय. तालुका वाटच पाहत होता.

२२ ऑगस्ट

रूपरावने ते प्रकरण आधीच वाचलं होतं.

"मग काऊन नाई सांगतलं?" रागावलो की मीही वऱ्हाडीवर येतो.

"वाचतानी हसलो, तं तू म्हनला, गनितवाल्याले रस कळत नाई. मंग गप बसलो."

"आता?"

"आता पुढचं प्रकरन माहं हाय."

उठून आलो. त्याचा कवडू माझी सालटी काढणार.

२७ ऑगस्ट

कवडू बोलला. "साहेब म्हनते, गंजी पाह्यली. चौकीदार मी हावो. शेवटची गाडी मिरगाच्या आंधीच गेली. आवारात निस्ता चिखल होता. मंग साहेब खोटं काऊन बोलून राह्यला?"

पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या अज्ञानाबद्दल चकार शब्द नाही. 'मी' म्हणून बोलणाऱ्यावर वाचक डोळे मिटून विश्वास टाकतो — रूपरावने नेमका तिथे हात घातला. माझी चूक उचलून इन्स्पेक्टरच्या पदरात टाकली.

२८ ऑगस्ट

किसनराव: "मले वाटलं, तुमाले ठाव नाई. तुमी तं जाळं टाकून राह्यलते!"

मी गंभीरपणे मान हलवली. घरी नलूला सांगितलं. म्हणाली, "हलवली? आणि दुखली नाई?"

३० ऑगस्ट

इन्स्पेक्टरला वाचवायची एक वाट आहे. कवडू प्यालेला होता, असं लिहायचं. लोक मानतील; चौकीदाराचं ऐकतो कोण? दहा कादंबऱ्या शाबूत.

शाळेत रूपराव भेटला. काय लिहितोस, विचारलं नाही. खडू मागितला. दिला.

३१ ऑगस्ट

प्रकरण टपालात टाकलं. पहिलं वाक्य: "गंजी नव्हतीच, दिवाणजीला मी मारलं, आणि कवडू शुद्धीवर होता."

रूपराव रविवारी वाचेल.