माझी चिमूट आणि दादाची टाकी

ति. दादास,

धाकट्याचा पिठाच्या हातांनी नमस्कार (कागदावर पांढरं दिसेल ते त्याचंच). डोळे कसे आहेत? डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचू नका म्हणून बजावलंय, म्हणजे हे पत्र तुझी लेकच तुला वाचून दाखवणार. तिला आशीर्वाद. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतोस आणि या हकिगतीत माझी बाजू साधारण विसाव्या वाक्यानंतर सुरू होते.

तर, तुझी माशांची टाकी. तू लेकीकडे गेल्यावर आठव्या दिवशी तुझ्या त्या साखर-यीस्टच्या बाटलीतून बुडबुडे यायचे थांबले आणि टाकीतली झाडं पिवळी पडायला लागली. कपाटावर तू चिकटवलेला कागद मी वाचला. दोन वाट्या साखर, कोमट पाणी, चिमूटभर यीस्ट. नळीतून कार्बन डायऑक्साइड टाकीत जाईल, तो झाडं खातील, सेकंदाला एक बुडबुडा आला की झालं. एवढं वाचून मी कागद सोडला. दादा, तीस वर्षं बेकरी चालवणाऱ्या माणसाला यीस्ट कसं भिजवायचं ते कागदावर लिहून देतात का? हाच वायू मी रोज पहाटेपासून पावांत कोंडतो, तुझी शाळेतली प्रयोगशाळा उघडायच्या आधी. मला जरा रागच आला होता, आणि तिथेच सगळं बिनसलं.

तू विज्ञानाचा मास्तर, तुझी चिमूट दोन बोटांची. माझी चिमूट अख्ख्या पोत्याला पुरते. हात सवयीनं डब्यात गेला आणि सवयीनंच बाहेर आला. मग बाटलीला ऊब हवी म्हणून ती मी धुराड्याच्या भिंतीला टेकवली (खालच्या भट्टीमुळे तुझ्या खोलीची ती भिंत छान गरम असते, पीठ लवकर फुगतं). मधे एक रिकामी बाटली जोडलेली होती, ती अडगळ समजून काढली. ती फेस अडवायला असते हे तू कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतंस. मागच्या बाजूला कोण बघतं? शेवटी टाकीच्या तोंडावर ओलं फडकं घट्ट ताणून बांधलं, वायू वाया जायला नको म्हणून. पीठ आम्ही असंच झाकतो.

बुडबुडे असे सुटले की मोजायची सोयच नव्हती. मी खुशीत खाली गेलो, दुपारच्या पावांचा घाणा भट्टीत लावला आणि तासाभरानं वर येऊन फडक्याची कड उचलून पाहतो तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उघडझाप करतायत. मला वाटलं, ओळखलं मला! कौतुकानं चिमूटभर खाणं टाकलं. कोणी शिवेना. तेवढ्यात नळीतून तपकिरी फेस टाकीत यायला लागला आणि खोलीभर आंबट वास सुटला. त्या वासानं समोरच्या शिंपीणबाई जिना चढून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अहो, जेवण नाही मागत ते, गुदमरतायत! फडकं काढा आधी!" मग फडकं काढ, नळी उपट, मासे उचलून पीठ मळायच्या परातीत सोड, पाणी फेटणीनं ढवळ, अशी माझी तारांबळ. शिंपीणबाई बादल्या आणत होत्या आणि प्रत्येक बादलीमागे माझी अक्कल काढत होत्या. खाली घाण्याचा कोळसा झाला. संध्याकाळी गिऱ्हाइकांना मी काय सांगितलं ते लेकीसमोर लिहिण्यासारखं नाही.

आता निकाल. अकराही छोटे मासे तरतरीत आहेत. पाणी बदललं, बाटली फेकली, झाडांना दोन नवी पानं आली (हिरवीगार, खोटं नाही सांगत). तुझ्या एंजल बाईसाहेब जरा विश्रांती घेतायत. वहिनींनी आणलेला तो काळ्या पट्ट्यांचा मासा, जाताना तू मला बाकी काही नाही, एवढंच सांगितलंस की हिला जप. तर तू काळजी करू नकोस. डोळ्यांना जप आणि ठरल्याप्रमाणे महिनाअखेर ये.

तुझा,
धाकटा

ता. क. शिंपीणबाईंनी तुझे पडदे धुऊन दिले. वास जवळजवळ गेला.

ता. क. दुसरा. बाळ, हे फक्त तुझ्यासाठी, बाबांना वाचून दाखवू नकोस. बाईसाहेब परातीतच गेल्या. मी हातानं पाणी हलवत तासभर बसलो होतो, उपयोग झाला नाही. तशाच पट्ट्यांचा दुसरा मासा मी आणून सोडलाय. तू बाबांना कायमचं तुझ्याकडेच राहायला सांगते आहेस, ते मला ठाऊक आहे, आणि तुझं चुकत नाही. पण वहिनी गेल्यापासून दादा या घरात बोलत असेल तर त्या माशाशीच. बाईसाहेबच नाहीत म्हटल्यावर तो कशासाठी परत येईल? म्हणून, एवढं सांभाळून घे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. नवा मासा दिसतो तसाच, पण मी काचेजवळ गेलो की झाडामागे जातो. दादाला ते पहिल्याच दिवशी कळेल आणि तो मला काही बोलणारही नाही. ते मला सोसायचं नाही. बाळ, सगळं वाच, दुसरा ता. क. सुद्धा. मी चुकलो, मला फार वाईट वाटतंय, आणि त्याच्यावाचून मला वरच्या मजल्यावर पाऊल टाकवत नाही, हेही वाच. ऐकून तो गप्प बसला तर मला कळवू नकोस. तुझा फोन आला नाही की मी भट्टी विझवून तिकडेच निघतो. पण त्यानं शिव्या घातल्या तर लगेच फोन कर. म्हणजे मी त्याची गादी उन्हात घालतो.