पपांना न आवडलेल्या जागा

सोमवार, ७ एप्रिल. संध्याकाळ.

आज पहाटे उठून प्रार्थना केली, कॉफी केली आणि मुलीच्या, लेनोराच्या, कम्प्युटरसमोर बसलो. सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग आज सकाळी उघडणार होतं. अख्खा मॅनिटोबा प्रांत त्या वेळी रांगेत बसतो. माझा नंबर चांगला लागला. लाँगपाइन तळ्याकाठची जागा, जुलैचा दुसरा आठवडा, तंबूपुरती सपाट, समोर पाणी. फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं.

तेवढ्यात मागे पपा खाकरले.

पपांना जाऊन तीन वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या चर्चमध्ये तसलं काही चालत नाही. पण खाकरणं त्यांचंच होतं. मागोमाग त्यांचं नेहमीचं वाक्यही आलं: देवाने डोक्यावर छप्पर दिलंय, ते सोडून चिखलात झोपायला जायचं म्हणजे दिलेलं दान त्याच्या दारात परत टाकायचं.

वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर वेळ संपलेली आणि जागा दुसऱ्याची झालेली.

आगाथाला सांगितलं, आपल्या गावात इंटरनेट फार स्लो आहे. बायको असून तिने त्यावर वाद घातला नाही. हे मला आवडलं नाही.

संकल्प: याच आठवड्यात दुसरी जागा.

शनिवार, १२ एप्रिल.

आठवडा कामाचा गेला.

जेवताना लेनोराने विषय काढला. सप्टेंबरात ती नर्सिंग शिकायला हॅलिफॅक्सला जाते आहे. म्हणाली, तळ्यावर जाऊ असं मी बालवाडीपासून म्हणते आहे, हा शेवटचा उन्हाळा. मे संपेपर्यंत जागा ठरली नाही तर ती जुलैभर एर्विनमामाच्या रोपवाटिकेत काम धरणार. रागाने बोलली असती तर मीही रागावलो असतो. तिने नुसतं सांगितलं आणि बटाटे पुढे केले.

मी म्हणालो, मुली, तुझ्या बापाने शब्द दिला की दिला.

म्हणाली, डॅड, तो तुम्ही दरवर्षी देता.

रविवार, २७ एप्रिल.

चर्चनंतर फास्प्याला, म्हणजे रविवार दुपारच्या हलक्या खाण्याला, मेहुणा एर्विन आला. पाव, चीज, मनुकांचा जॅम, आणि तोंडी लावायला मी. म्हणाला, गेरहार्ड, अंधार पडल्यावर तू घराबाहेर असलेला मी कधी पाहिलाच नाही. तुझ्या कोंबड्या तरी तुझ्यानंतर आत जातात. मी शांतपणे सांगितलं की मी लवकर उठणारा माणूस आहे. तो म्हणाला, हो, आणि उजाडलं की नाही ते आधी पडदा सारून बघणारा. लेनोरासुद्धा हसली.

मग मला तोडगा सुचला. तंबू नको, केबिन! केबिनला छप्पर असतं. पपांना बोलायला जागाच उरणार नाही. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, याचं नवल वाटलं.

शुक्रवार, ९ मे.

तीन केबिनवाल्यांना फोन केले. पहिलीबद्दल पपा म्हणाले, परक्यांच्या गादीवर झोपणार? दुसरीत टीव्ही होता. टीव्ही घरी आहेच. तिसरीत टीव्ही नव्हता, तर म्हणाले, मग संध्याकाळी तिथे करणार काय?

हयात असताना दिवसाला चार वाक्यं बोलायचे. आता उसंत देत नाहीत. ओसरीवर सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज येतो, टरफल थुंकल्याचा येतो, आणि सकाळी ओसरी स्वच्छ असते. आगाथाला विचारलं, तुला काही ऐकू येतं का? ती म्हणाली, तू एकटाच बोलतोस ते येतं.

मी तिला घाबरवत नाही.

शनिवार, २४ मे.

फोनवर ठरवणं हीच चूक होती. जागा डोळ्यांनी पाहावी. म्हणून आज स्वतः लाँगपाइनला गेलो. तिथल्या एका केबिनच्या मालकिणीने किल्ली दिली, म्हणाली, आतून बाहेरून निवांत बघा. केबिन उत्तम. चूल, चार पलंग, जाळीचं दार. आज ठरवूनच परतायचं असं मनाशी पक्कं केलं आणि पाण्यातल्या लाकडी धक्क्यावर जाऊन बसलो. ऊन उतरत होतं. स्प्रूसच्या झाडांच्या सावल्या पाण्यावर लांब होत माझ्या बुटांपर्यंत आल्या.

तेव्हा तो ओरडला.

लून पक्षी. मला माहीत आहे. आमच्या डॉलरच्या नाण्यावर तोच आहे. आयुष्यभर खिशात घालून फिरतो आहे. पण ती हाक पाण्यावरून आली नाही, माझ्या आतूनच कुठूनतरी आली. लांबलचक, शेवटी वर चढणारी, कुणीतरी नाव विचारल्यासारखी. ओल्या कॅनव्हासचा वास आला. आसपास तंबू नव्हता. माझ्या मुठीत कुणाचंतरी जाड मनगट होतं. खाली पाहिलं तर माझंच.

घाबरलो वगैरे नाही. पेट्रोल कमी होतं म्हणून निघालो. किल्ली खिशातच राहिली, पोस्टाने पाठवीन. मागच्या सीटवर पपा होते. घरापर्यंत आरशात पाहिलं नाही, पण होते. एक शब्द बोलले नाहीत.

रविवार, २५ मे.

आईला वृद्धाश्रमात भेटायला गेलो. तिची साक्ष हवी होती, म्हणजे घरी सांगता आलं असतं. म्हटलं, आई, पपांना हे तंबूबिंबू मुळीच पटायचं नाही ना?

आई इतकी हसली की नर्स डोकावून गेली.

म्हणाली, अरे, तुला खरंच आठवत नाही? पाच वर्षांचा होतास. पपांनी शेजाऱ्यांचा तंबू मागून आणला. कोठारात उभा कर, पाड, पुन्हा उभा कर, असं कितीतरी दिवस चाललं होतं. मग आपण लाँगपाइनला गेलो. पाऊस पडून गेलेला. सूर्य मावळतो न मावळतो तोच तो पक्षी ओरडला, आणि तू जो किंचाळलास! तंबूत शिरेनास, गाडीत शिरेनास. त्यांच्या मनगटाला लटकून राहिलास. शेवटी त्यांनी ओला तंबू तसाच गुंडाळला आणि तुला घरी आणलं.

मी विचारलं, मग ते छपराचं?

आई म्हणाली, दुसऱ्या दिवशी गाव विचारायला लागलं, एवढ्यात कसे परत? तुझ्या काकांनी तुला जन्मभर चिडवलं असतं. म्हणून हे म्हणाले, मला पटलं नाही ते, देवाने छप्पर दिलंय. एकदा बोलले ते बोलले. मग निभवावं लागलं. तो तंबू नंतर त्यांनी विकत घेतला, माहितीये? तळ्यांवरचा बर्फ वितळला की दर वर्षी कोठाराच्या दारात उन्हाला पसरायचे. मी म्हणायचे, चला की जाऊ. तर म्हणायचे, उंदीर लागू नयेत म्हणून पसरलाय.

मला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, तुझ्यासाठीच तर ते खोटं होतं, तुलाच कसं सांगणार?

पपांच्या अंत्यविधीत आमचे धर्मोपदेशक म्हणाले होते की हा माणूस कधी खोटं बोलला नाही. मी मान डोलावली होती.

बुधवार, २८ मे.

पपा बोलत नाहीत. ओसरीवर बसून वाट पाहिली. त्यांचं वाक्य मीच मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाजात काहीच फरक वाटला नाही. इतके दिवस हे कोण बोलत होतं, याचा विचार करायचं टाळलं. कोंबड्यांना दाणे टाकले.

शनिवार, ३१ मे.

शेवटचा दिवस. ती केबिन गेली. मालकिणीने फोनवर आधी किल्लीबद्दल विचारलं. लाँगपाइनला सगळं भरलेलं. तंबूची एकच जागा शिल्लक: शौचालयाला लागून. तिथे रात्रभर दिवा जळतो, दारं आपटतात, म्हणून कुणी घेत नाही.

लेनोरा माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, डॅड, ही? दिव्याने झोप कशी यायची?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, शौचालय जवळ असलेलं बरं. चांगलं, पटणारं वाक्य होतं. पुढची वीस वर्षं सहज पुरलं असतं.

म्हणालो, दिवा आहे म्हणूनच. मला अंधाराची भीती वाटते. पहिल्यापासून.

मला वाटलं, ती हसेल. पण ती म्हणाली, बरं, तंबूत दाराकडची बाजू मी घेते.

बटण दाबलं.