सात दिवसांचा गट

३ नोव्हेंबर
बीदरला पोचलो. प्रवास झकास, हवा उत्तम. गाव मात्र पहिल्या तारखेच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका उतरवायला विसरलंय. एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात महिनाभराचं काम आहे. जनवाडा, चिंताकी, निंबर्गा इथल्या त्यांच्या शाखांची सगळी माहिती इथल्या एका खोलीत, एकाच सर्व्हरवर. त्या एका लोखंडी खोक्यात साठेक व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले वेगवेगळे संगणक. त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाच्या बॅकअपच्या प्रती किती दिवस ठेवायच्या ते ठरवायचं. शाळकरी पोराचं काम. त्यासाठी पुण्याहून माणूस बोलावला, यातच यांची अक्कल दिसते.

खोली सांभाळणाऱ्या अक्कम्माबाईंनी आल्या आल्या सुसल्याची, म्हणजे चुरमुऱ्यांच्या उपम्याची, बशी पुढे केली. "कामून उशीर केलाव, अण्णा?" आई उदगीरला अस्संच बोलायची. ही बोली जिभेवरून घासून काढायला मला पुण्यात चार वर्षं लागली, त्यामुळे उत्तर शुद्ध मराठीतच दिलं.

संध्याकाळी घरी फोन केला. एकवीस तारखेला पवित्राचा पाचवा वाढदिवस. राजश्रीच्या हातून फोन ओढून घेऊन तिनं बाबा नक्की येणार ना, हे पाच वेळा विचारलं. पाचही वेळा येणार म्हणालो.

४ नोव्हेंबर
गट पाहिले. 'दवाखाना' आणि 'औषधं', मुदत सात दिवस, ठीक. तिसऱ्या गटाचं नाव 'आपली माणसं'! त्यात चाळीस मशिनी, प्रत्येकीला इथल्या एकेका नोकराचं नाव. प्रती ठेवण्याची मुदत: कायम. माणूस कामाला लागला की त्याच्या नावाची मशीन तयार करायची, अशी इथली रीत आहे म्हणे. उघडून पाहिल्या. आत एक फाइल नाही, तरी रोज थोड्या थोड्या फुगतात. रोज संध्याकाळी सहाला अक्कम्माबाई चाळीसही मशिनी एकेक करून उघडतात, नीट बघतात आणि बंद करतात. रिकाम्या देव्हाऱ्याला नैवेद्य.

मी म्हणालो, हाही गट सात दिवसांवर आणू. बाईंचा चेहरा उतरला. "नाव लावल्यावर माणूस ऱ्हातंय त्यात, अण्णा. दिस कमी करू नगा." ही बाई कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली आहे. धन्य तो डिप्लोमा.

५ नोव्हेंबर
अडाण्यांशी वाद घालण्यापेक्षा प्रयोग बरा. 'नागेश' नावाची मशीन तयार केली, माझ्याच नावाची. ती 'चाचणी' नावाच्या नव्या गटात घातली. नियम: फक्त शेवटचे सात दिवस ठेवायचे, आधीचं सगळं रोज संध्याकाळी सहाला थोडं थोडं पुसायचं, सगळ्यांत जुनं आधी. वर तीस दिवसांचं कुलूप. या गटात नाव घालता येईल, काढता येणार नाही. नियम कुणालाच बदलता येणार नाही, मलासुद्धा नाही. नाहीतर ही मंडळी माझ्या पाठीमागे हात घालणार, हे काय मला कळत नाही? मला काही झालं नाही, तर यांची चाळीस नावंही याच गटात. बाई हात जोडून उभ्या होत्या. मला हसू आवरेना.

९ नोव्हेंबर
काही झालेलं नाही. होणार काय, डोंबल! हवाई दलाची विमानं सकाळभर डोक्यावर घरघरतात, तेवढीच करमणूक. 'नागेश' मशीन आधी फुगत होती, आता रोज थोडी लहान होते. नियम चोख चाललाय.

१३ नोव्हेंबर
एका फॉर्मवर शाळेचं नाव हवं होतं. आठवलं नाही. झोप अपुरी होत असेल. अक्कम्माबाईंनी विचारलं, कामून गप गप हाव. कामून म्हणजे काय, असं मी विचारलं.

खोलीवर येऊन ही वही उघडली. आई अस्संच बोलायची, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. आईचा चेहरा आठवत नाही.

१५ नोव्हेंबर
मशीन पुसायला गेलो. कुलूप. नियम बदलायला गेलो. कुलूप. पुण्याच्या ऑफिसला फोन केला, तर ते हसले. मीही हसलो असतो. गाडी पकडून घरी गेलो तरी कुलूप इथंच राहणार. अक्कम्माबाई एका शब्दानं टोचून बोलल्या नाहीत. चहा आणून ठेवला. त्याचाच जास्त राग आला. मला भीती वाटतेय. इथं लिहिलं म्हणून काय झालं, कोण वाचतंय.

१७ नोव्हेंबर
राजश्रीशी लग्न कुठं झालं — कोण कोण होतं —

हे पान रोज सकाळी वाचणे. तिचं नाव पवित्रा. माझी मुलगी. हनुवटीवर डावीकडे तीळ. एकवीसला वाढदिवस. जायचं आहे. जायचंच आहे. रोज वाचणे.

१९ नोव्हेंबर
फोनवर एक लहान मूल. बाबा म्हणालं. पान समोर धरून म्हणालो, पवित्रा, तू माझी मुलगी. ती म्हणाली, बाबा, तुम्ही वाचून दाखवताय का.

२० नोव्हेंबर
सहा वाजायला आले. नको — अजून तिचा आवाज आहे कानात — हा तरी —

२९ नोव्हेंबर
झोप छान, काम उत्तम. वहीच्या आधीच्या पानांवर माझ्याआधी आलेल्या कुणा इंजिनिअरनं रडगाणं लिहून ठेवलंय. अक्षर माझ्यासारखं, अक्कल शून्य. रोज वाचणे म्हणे! वेळ मिळाला की ती पानं फाडून टाकीन.

इथल्या लोकांना शिस्त म्हणून नाही. परवा एक बाई आणि एक पोरगी थेट खोलीत घुसल्या. पोरगी पायाला मिठी मारून रडू लागली. डोळे तपासायची खिडकी खाली आहे, असं मी नीट सांगितलं. बाई भिंतीला टेकून बसली. अक्कम्माबाईंनी त्या दोघींना आपल्या घरी ठेवून घेतलंय. यांना सगळ्यांचा पुळका.

असो. कामाच्या कागदावर लिहिलेल्या प्रयोगाचा निकाल: 'नागेश' सात दिवसांच्या गटात आहे आणि नागेशला काहीही झालेलं नाही. ठरल्याप्रमाणे 'आपली माणसं' आज त्याच गटात हलवतोय. अक्कम्माबाई मघापासून दारात उभ्या आहेत. चाळीस नावं होती, आता एक्केचाळीस दिसतात. विचारलं, तर म्हणाल्या, एक नाव आज सकाळी त्यांनीच लावलं. "पोरीला तरी बाप ध्यानात ऱ्हाऊ द्या, अण्णा." रडायची काय गरज होती, कळत नाही. नियम म्हणजे नियम.

ईरण्णा, झाला. माणिकप्पा, झाला. सिद्धव्वा, झाली. अक्कम्मा, झाली. शेवटचं नाव पवित्रा. कोण ही? असेल कुणाची तरी. हिलाही सात दि—