दाराबाहेरचा डबा

शनिवार, संध्याकाळ. अ‍ॅशबर्न

आज नूडल्स ऑर्डर केल्या. डबा दाराशी ठेवून कुणीतरी निघूनही गेलं, चेहरासुद्धा दिसला नाही.

सुजयच्या नोकरीमुळे सायगॉनला राहत होतो, तेव्हा गल्लीत नूडल्सची गाडी आली की लाकडावर लाकूड वाजायचं, टक्-टक्. खिडकीतून दोन बोटं दाखवली की नूडल्सवाली मावशी दोन वाफाळते वाडगे वर आणून द्यायची. खाऊन झालं की रिकामे वाडगे विसळून दाराबाहेर ठेवायचे. ती येऊन न्यायची.

इथे रस्त्यावर टक् नाही की टुक् नाही. आजच का एवढं आठवावं?

आत्ता सुजय विचारत होता, "अगं, हा प्लास्टिकचा डबा धुऊन बाहेर कशाला ठेवलास?"

मी ठेवला? मीच ठेवला असणार.

"राहू दे," म्हटलं. न्यायला कुणी येणार नाही, कळतंय मला. पण आत आणवत नाही.