बाहीवरची घडी

अहो,

नमस्कार करते, पण अर्धाच. उरलेला तुम्ही खरं बोललात तर.

रविवारी दुपारी पोरीने मला उडणाऱ्या माणसाचा जुना सिनेमा दाखवला. असला सिनेमा मी पहिल्यांदाच बघितला. दिवसभर कचेरीत बावळटासारखा बसतो आणि शर्टाच्या आत निळा पोशाख! मध्येच "आलोच हं" म्हणून गायब. त्याच्यावर जीव टाकणारी बाई खुळीसारखी वाट बघते. पोर म्हणाली, "आई, तो जगाला वाचवतो गं!" मी म्हटलं, "वाचवू दे की. पण त्याचे ते दोन-दोन कपडे धुतं कोण, इस्त्री करतं कोण?"

पोर खो खो हसली. मला नाही हसू आलं.

वीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतेय. बाहीला मी कधी घडी पाडत नाही, गोल ठेवते. तुम्ही आठवडाभर ट्रक घेऊन जाता आणि गेल्या तीन खेपांना परत आलात, तेव्हा बाहीवर सुरीसारखी घडी. म्हणे, "लॉन्ड्रीत टाकला होता." लॉन्ड्रीवाला तुटलेलं बटणही लावून देतो होय? तेही जुळत्या दोऱ्याने?

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर उत्तर तयार करून याल. शनिवारी तुम्ही पुन्हा तसलीच घडी घेऊन याल. मी समोर बसेन आणि नुसतं बाहीवर बोट ठेवेन.

उडायचं असेल तर तेव्हा उडा.

अजून तरी तुमचीच,
इस्त्रीवाली