लॅबवाले जेवायला आले

प्रिय पोरी,

तू ट्रेनिंगला गेल्यापासून रोज फोनवर विचारतेस, "आई, जेवलात का?" आणि मी रोज "हो" म्हणते. निम्म्या वेळा ती थाप असते. आज मात्र खरोखर स्वयंपाक केला. तुझं ते इटालियन चिकन. स्टुलावर चढून स्लो कुकर मीच खाली काढला. (ओरडू नकोस, शेजारीण स्टूल धरून उभी होती.) तू तो घरी आणलास तेव्हा मी सासूच्या तोऱ्यात किती नाकं मुरडली होती! सकाळी बटण दाबायचं आणि संध्याकाळी वाढून घ्यायचं, हा काय स्वयंपाक झाला? त्यावर माझा लेक म्हणाला, "आई, हा तुझ्यासारखाच आहे. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की दिवसभर निवत नाही." हसू लपवायला तू उगीचच फ्रीज उघडून उभी राहिलीस.

तर तळाशी कांदा नि गाजर, वर चिकनच्या तंगड्या, टोमॅटो, ठेचलेला लसूण, ऑलिव्ह आणि तुझ्या बाटलीतला तो वाळका पाला. पाणी घालायचं नाही हे लक्षात होतं, पण राहवेना, थोडं घातलंच. झाकणही दोनदा उघडलं. पण घरभर वास सुटला तेव्हा मला आत बसवेना. जिन्यात जाऊन बसले. आपला तो गेला त्या दिवशी घरात हाच वास होता. तू ड्यूटीवर जाताना चिकन लावून गेली होतीस. तो कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन कोसळला. घर माणसांनी भरलं, आणि कोपऱ्यात ते आपलं शिजतच राहिलं. बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. तुझ्या मावशीने नंतर सगळं टाकून दिलं, भांडं घासून वर ठेवलं. त्यावर आपण दोघी आजवर एक शब्द बोललो नाही.

शेजारीण विचारत होती, एकटीसाठी एवढा घाट कशाला? एकटीसाठी नव्हताच. तुमच्या हॉस्पिटलातल्या लॅबवाल्यांना मी जेवायला बोलावलं होतं. माझी औषधं पोचवायला तूच त्यांना सांगून गेलीस ना? दर वेळी हे गृहस्थ पिशवी देतात, बसा म्हटलं की "घाईत आहे" म्हणतात, आणि मग दारात उभे राहून कितीतरी वेळ माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मधूनच तुझा फोन आला होता का, असं सहज विचारल्यासारखं विचारतात. मी काही दुधखुळी नाही गं.

आज ते आत आले आणि नेमके माझ्या लेकाच्याच खुर्चीकडे वळले. "तिथे नको" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. आपला तो सगळे ऑलिव्ह वेचून तुझ्या ताटात सारायचा ना, मी बघत नाही असं समजून? ह्यांनी सगळे खाल्ले, वर आणखी मागून घेतले. मी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. बाहेर आले तर ते तसेच हात थांबवून बसलेले. पावाची टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तुम्हीही बसा ना."

मग मीच तुझा विषय काढला. आधी खूप आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "मी विचारलं होतं तिला. आईंना सोडून मी कुठेही जाणार नाही, म्हणाली. पुन्हा विचारू नका म्हणाली, म्हणून विचारलं नाही." तक्रार नव्हती बोलण्यात. तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

फोनवर तू मला हे बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहिते आहे. माझा लेक गेला, त्याची जागा कुणी घेणार नाही. तू दुसऱ्या घरी गेलीस तर माझा जीव तुटेल, खोटं कशाला सांगू? पण तुटलेल्या जिवानेही माणूस उठतो, चहा करतो, कामाला लागतो, हे आपण दोघींनी पाहिलंय. ते तुला आवडत नसतील तर खुशाल नाही म्हण. मी पुन्हा ब्र काढणार नाही. पण आवडत असतील, तर पोरी, तुझ्या नकारातून माझं नाव काढून टाक.

तुझीच, कुठेही गेलीस तरी,
आई