तुमच्या नायिकेचा आवाज

लेखकमहाशयांस,

घटस्फोटानंतर तुम्ही मला कादंबरीत घातलंत. नाव तेवढं बदललंत; हनुवटीवरचा तीळ आणि भाजी चिरताना गुणगुणायची सवय माझीच ठेवलीत. पण तुमची नायिका पानोपानी रडते आणि सोडून गेलेल्या नवऱ्याची दारात उभी राहून वाट बघते. घर सोडून मी गेले होते, हे बरं सोयीस्कर विसरलात!

आता ऐका. आवाज देणं हा माझा धंदा. तुमच्या प्रकाशकाला कादंबरीचं ऑडिओबुक करायचं होतं आणि आपलं जुनं नातं त्याला ठाऊक नव्हतं. स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत बसून ती मीच वाचली. तुमचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फक्त 'तुमच्याशिवाय माझं आहे कोण?' हे वाक्य हसू दाबत म्हटलं. नवऱ्याची भाषणं तर अशी घोळवून वाचली, की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला जांभया देत होता.

तुमच्या आईंना हल्ली दिसत नाही, त्या पुस्तकं ऐकतात. काल त्यांचा फोन आला.

"तुझा आवाज लगेच ओळखला गं. कादंबरीतली बाई झकास झालीय. पण तिचा नवरा किती रटाळ! असला माणूस याला भेटला तरी कुठे?"

"घरातच, आई."

त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर पुढच्या पुस्तकात जसंच्या तसं छापाल. माझी एक ओळसुद्धा आता तुम्हाला फुकट मिळायची नाही.

दारात कधीच उभी न राहिलेली,
मी